ताट समोर येण्याआधी: भोवतालच्या मोहांत ख्रिस्ताशी एकनिष्ठ राहण्याचा रोजचा सराव

लोट एका दिवसात सदोमात गेला नाही. उत्पत्तीचं पुस्तक सावकाश वाचलं तर त्याचं सरकणं टप्प्याटप्प्याने दिसतं. तेराव्या अध्यायात तो अब्राहामापासून वेगळा होताना यार्देनेचं भरपूर पाण्याचं खोरं नजरेखालून घालतो आणि आपला तंबू सदोमाच्या दिशेने हलवत नेतो. चौदाव्या अध्यायात तो सदोमातच राहतोय. एकोणिसावा अध्याय उघडतो तेव्हा तो नगराच्या वेशीत बसलेला आहे. आणि पापामुळे त्या नगराचा नाश व्हायच्या पहाटे देवदूत घाई करत असताना तो रेंगाळतो. शेवटी हात धरून त्याला बाहेर काढावं लागतं. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात याच लोटाला नीतिमान म्हटलंय. आजूबाजूच्या लोकांचं वागणं पाहून त्याचा जीव रोज कासावीस व्हायचा, असंही तिथे लिहिलंय. मला हेच सगळ्यात जास्त हादरवतं. आतून एवढा त्रास होत असूनही त्याने मुक्काम हलवला नाही.

विश्वास सोडायचा असं ठरवून तो सोडणारे फार थोडे. बहुतेकांचा तंबू हळूहळू सरकतो. इब्री लोकांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ‘वाहवत जाणं’ असा शब्द येतो आणि तो अगदी नेमका आहे, कारण वाहवत जायला काहीच करावं लागत नाही. हातपाय मारणं थांबवलं की पुरे. भोवतालची संस्कृती सहसा आपल्यावर चाल करून येत नाही. ती सवय लावते. जे पहिल्यांदा पाहून आपण मान खाली घातली, ते दहाव्यांदा पाहताना हसतो आणि विसाव्यांदा तसंच बोलतो.

मला सांगायचं आहे ते एवढंच: मोहाच्या क्षणी आपण फारसं काही ठरवत नसतो. ते आधीच ठरलेलं असतं, किंवा आधी ठरवायचं आपण टाळलेलं असतं. खालच्या बहुतेक पायऱ्या त्या ‘आधी’बद्दल आहेत. पहिल्या तीन मात्र याच क्रमाने करा, असा माझा आग्रह आहे.

पहिली पायरी: पंधरा दिवस नुसतं पाहा

या पंधरा दिवसांत काहीही बदलायचं नाही. एक छोटी वही घ्या. फोनमध्ये लिहू नका, कारण अनेकांच्या वहीत पहिला विषय फोनच निघतो. रोज रात्री पाच मिनिटं बसून तीन गोष्टी लिहा. आज मन कुठे घसरलं? त्याच्या आधीच्या तासाभरात काय चाललं होतं? आणि त्या वेळी मला खरं तर काय हवं होतं?

तिसरा प्रश्न सगळ्यांत कठीण आणि सगळ्यांत उपयोगाचा. याकोब आपल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात सांगतो की प्रत्येक माणूस आपल्याच वासनेने ओढला आणि भुलवला जातो. म्हणजे बाहेरचं आमिष सगळ्यांना सारखंच दिसत असलं तरी गळ कुणाला लागणार हे आतल्या भुकेवर ठरतं. रात्री उशिरा नको ते पाहत बसणाऱ्या एकाला एकटेपणा खात असतो, दुसऱ्याला दिवसभराचा अपमान विसरायचा असतो. दोघांचं पाप एकच दिसतं, पण त्यातून बाहेर पडायची वाट एक नसते.

लिहिताना योहानाच्या पहिल्या पत्रातली विभागणी हाताशी ठेवा: देहाची वासना, डोळ्यांची वासना आणि संसाराविषयीची फुशारकी. मंडळीत आपण पहिल्या प्रकाराबद्दल बरंच बोलतो, दुसऱ्याबद्दल थोडं, तिसऱ्याबद्दल जवळजवळ नाहीच. त्यामुळे अनेकांची अशी समजूत असते की दारू, व्यभिचार आणि जुगार यांपासून लांब राहिलं म्हणजे जगापासून लांब राहिलं. मीही वर्षानुवर्षं तसंच समजत होतो. पुढे अशी वही लिहायला बसलो तेव्हा तिसऱ्याच दिवशी दिसलं की कामाच्या ठिकाणी मी माझ्या अहवालात तास थोडे वाढवून लिहितो. फार नाही, अर्धा तास, पाऊण तास. सगळेच लिहायचे. त्या अर्ध्या तासाचे पैसेही मिळत नव्हते. मी मेहनती दिसावं एवढीच भूक होती. इतक्या वर्षांत या गोष्टीबद्दल एकदाही माझे गुडघे टेकले नव्हते, कारण तिला पाप म्हणावं असं मला सुचलंच नव्हतं.

पंधरा दिवसांनी वही वाचा. दोन किंवा तीन जागा पुन्हा पुन्हा आलेल्या असतील. पुढचं सगळं काम त्या दोन-तीन जागांवरच करायचं. एकदम आठ आघाड्या उघडणारा माणूस महिनाभरात थकतो.

दुसरी पायरी: तीन रकाने आखा

इथे थोडं थांबून बोलायला हवं, कारण सगळ्यांत जास्त गोंधळ इथेच होतो. काही जण भोवतालचं सगळंच सैतानाचं मानतात आणि भित्रे, कडवट होतात. काही जण ‘देव मन पाहतो’ म्हणत सगळंच आपलंसं करतात. शास्त्र या दोन्हींपेक्षा बारकाईने पाहायला शिकवतं.

दानीएलाचा पहिला अध्याय समोर ठेवा. यरुशलेमेहून बाबेलात नेलेली ही तरुण मुलं. त्यांना खास्दी लोकांची भाषा आणि विद्या शिकवायची ठरली, तीन वर्षांचा अभ्यासक्रम. ते शिकले, आणि उत्तम शिकले. त्यांची नावं बदलली. दानीएल हे देवाचं नाव धारण करणारं नाव जाऊन बेल्टशस्सर आलं. दानीएलाने ते सहन केलं. परक्या राजाच्या दरबारातली नोकरी त्याने केली. पण राजाच्या ताटातलं अन्न आणि त्याचा द्राक्षारस यांनी स्वतःला विटाळवायचं नाही, असा त्याने मनात निश्चय केला. भाषा, विद्या, नाव, नोकरी हे चालेल. हे ताट चालणार नाही. त्याने रेघ मारली, पण सगळीकडे नाही.

पौल करिंथच्या मंडळीला लिहितो तेव्हाही असंच दिसतं. तिथे प्रश्न मूर्तीपुढे ठेवलेल्या मांसाचा होता. पहिल्या पत्राच्या आठव्या ते दहाव्या अध्यायांत त्याने एकाच मांसाबद्दल तीन वेगळी उत्तरं दिली आहेत. बाजारात विकतात ते चौकशी न करता खा. एखाद्या अविश्वासी माणसाने जेवायला बोलावलं तर जा आणि वाढलेलं खा. पण ‘हे मूर्तीला दाखवलेलं आहे’ असं कुणी सांगितलं, तर त्या सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका. आणि मूर्तीच्या उपासनेचा भाग म्हणून त्या मेजावर बसणं मात्र नाहीच, कारण प्रभूच्या मेजाचा आणि भुतांच्या मेजाचा भागीदार एकाच वेळी होता येत नाही.

यावरून वहीत तीन रकाने आखा.

पहिल्या रकान्यात ‘फक्त वेगळं’: भाषा, कपडे, विनोदाची पद्धत, संगीत, कामाच्या रीती. यातलं बरंच काही चांगलंही असतं आणि ते देवाचे आभार मानून घ्यावं. दुसऱ्यात ‘विवेकाचं’: जे स्वतःत पाप नाही, पण मला किंवा माझ्या शेजारी बसलेल्या दुबळ्या भावाला घसरवू शकतं. तिसऱ्यात ‘नाही’: जिथे दुसऱ्या कुणाची उपासना आहे, खोटं आहे, कुणाच्या देहाचा किंवा कष्टाचा वापर आहे, दुर्बळावर अन्याय आहे.

दुसऱ्या रकान्यातली तुमची यादी आणि तुमच्या बहिणीची यादी वेगळी असणार, आणि ते ठीक आहे. रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय खाणाऱ्याला सांगतो की न खाणाऱ्याला तुच्छ मानू नको, आणि न खाणाऱ्याला सांगतो की खाणाऱ्याला दोष लावू नको. स्वतःची दुसऱ्या रकान्यातली रेघ उचलून सगळ्या मंडळीच्या तिसऱ्या रकान्यात टाकणं, यातून आजवर फार माणसं दुखावली गेली आहेत.

काही प्रसंग कुठल्याच रकान्यात नीट बसत नाहीत. २ राजे, अध्याय ५ मधला अरामी सेनापती नामान आठवा. कोड बरं झाल्यावर तो म्हणतो, यापुढे मी परमेश्वराशिवाय कुणालाही बली अर्पण करणार नाही. पण माझा धनी रिम्मोन या दैवताच्या देवळात माझ्या हाताचा आधार घेऊन वाकतो तेव्हा मलाही वाकावं लागतं, एवढ्याची क्षमा असावी. संदेष्टा अलीशा त्याला नियम सांगत नाही. ‘शांतीने जा’ म्हणतो. ही पळवाट म्हणून वापरू नये. नामान आपली अडचण लपवत नाही, तो स्वतःहून ती उघड करतो आणि मनातून तो कुणाचा हे आधी जाहीर करतो. नोकरीत, कुटुंबात, ज्यांच्यावर आपण अवलंबून आहोत अशा नात्यांत कुणी असं अडकलं असेल, तर त्याने पाळकाजवळ किंवा एखाद्या जाणत्या विश्वासू माणसाजवळ बसून त्यावर प्रार्थना करावी. अशा माणसाला चारचौघांत ‘तू तडजोड केलीस’ म्हणून हिणवू नये.

तिसरी पायरी: ताट येण्याआधी वाक्य तयार ठेवा

दानीएलाने निश्चय केला आणि मग तो बोलायला गेला. या क्रमाकडे लक्ष द्या. भूक लागलेली, ताट समोर, सगळे पाहताहेत, अशा वेळी त्याने विचार सुरू केला असता तर काय झालं असतं कोण जाणे.

वहीतल्या दोन-तीन जागांसाठी प्रत्येकी एकेक वाक्य लिहा. ‘मी प्रामाणिक राहीन’ हे वाक्य कामाचं नाही, ते फार मोठं आहे. ‘जे बिल माझ्यासमोर फाडलेलं नाही त्यावर मी सही करणार नाही’ हे कामाचं. ‘सहकाऱ्याच्या पाठीमागे त्याचा विषय निघाला तर मी एक चांगली गोष्ट सांगेन, नाहीतर उठून पाणी प्यायला जाईन’ हे कामाचं. ‘रात्री दहानंतर फोन स्वयंपाकघरात’ हेही कामाचं. प्रसंग, वेळ, जागा आणि स्वतःची कृती, एवढं त्यात असलं पाहिजे.

मग नकाराचे शब्द तयार करा आणि ते मोठ्याने म्हणून पाहा. हे विचित्र वाटेल, तरी करा. ऐनवेळी जीभ जड होते ती शब्द सापडत नाहीत म्हणून. दानीएलाचा नकार इथे फार शिकवतो. त्याने वरिष्ठाला विनंती केली. वरिष्ठ घाबरला, कारण मुलं खंगलेली दिसली असती तर राजाने त्याचं डोकं उडवलं असतं. दानीएलाने ती भीती क्षुल्लक मानली नाही. तो देखरेख करणाऱ्या कारभाऱ्याकडे गेला आणि म्हणाला, दहा दिवस आम्हाला शाकभाजी आणि पाणी देऊन पाहा, मग तुम्हीच ठरवा. नकारासोबत त्याने पर्याय ठेवला आणि समोरच्याचं नुकसान होणार नाही याची काळजी घेतली.

तुमचा नकारही तसा असू द्या. ‘मला या आकड्यांवर सही करता येणार नाही. खऱ्या आकड्यांचा अहवाल मी आज रात्री जागून तयार करून देतो.’ ‘त्या पार्टीला मी नाही येणार, पण उद्या दुपारी आपण दोघं जेवायला जाऊ.’ प्रत्येक वेळी उपदेश जोडायची गरज नाही. कारण विचारलं तर मात्र ते लपवू नका. ‘मी येशूच्या मागे चालतो आणि मला यात मोकळ्या मनाने भाग घेता येत नाही’, एवढं साधं सांगितलं की पुरतं.

सुमारे इ.स. ११२ मध्ये बिथुनिया-पंत प्रांताचा रोमन अधिकारी प्लिनी याने सम्राट ट्राजनला ख्रिस्ती लोकांबद्दल एक पत्र लिहिलं, ते आजही उपलब्ध आहे. चौकशीत त्याला कळलं होतं ते असं: हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्याआधी जमतात, ख्रिस्ताला देव मानून त्याचं स्तोत्र गातात आणि शपथ घेतात. शपथ कसली? चोरी, दरोडा, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही, कुणी विश्वासाने ठेवायला दिलेली ठेव मागितल्यावर नाकारणार नाही. दिवस सुरू होण्याआधी, अंधारात, सगळ्यांनी मिळून केलेला हा निश्चय मला फार जवळचा वाटतो. त्याच अधिकाऱ्यासमोर सुटकेसाठी सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप आणि द्राक्षारस वाहून ख्रिस्ताला शाप द्यायची मागणी होती. काहींनी ती मान्य केली. खरे ख्रिस्ती असलेल्यांकडून मात्र असलं काही करून घेता येत नाही, असं आपण ऐकल्याचं तो स्वतःच लिहितो.

चौथी पायरी: कुठे उभं राहायचं, कुठून पळायचं

शास्त्र काही मोहांशी लढायला सांगतं आणि काहींपासून सरळ पळायला. पौल जारकर्मापासून पळा म्हणतो, मूर्तिपूजेपासून पळा म्हणतो, आणि तीमथ्याला द्रव्यलोभाबद्दल सांगतानाही त्याचा शब्द तोच आहे: यापासून पळ. योसेफाला मोहात पाडू पाहणाऱ्या त्याच्या धन्याच्या, पोटीफराच्या, बायकोला त्याने नकाराचं कारण सांगितलं होतं, ते उत्तम होतं. ती मात्र दररोज बोलत राहिली. शेवटच्या दिवशी त्याने वाद घातला नाही. अंगावरचं वस्त्र तिच्या हातात सोडून तो बाहेर पळाला. त्यापायी तो तुरुंगात गेला, हेही लक्षात असू द्या. पळणं नेहमी फायद्याचं ठरतं असं वचन कुठेही नाही.

याच्या उलट चौथ्या शतकातला अलिपियस. तो ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीनचा मित्र, पुढे बिशप झाला, पण तेव्हा त्याचा बाप्तिस्मा व्हायचा होता आणि तो रोममध्ये कायदा शिकत होता. माणसांना एकमेकांशी झुंजवण्याच्या खेळांचा त्याला तिटकारा होता. सोबत्यांनी त्याला जबरदस्तीने आखाड्यात ओढत नेलं. तो म्हणाला, माझं शरीर न्याल, पण माझे डोळे आणि मन तिथे लावू शकणार नाही. जाऊन तो डोळे घट्ट मिटून बसला. कुणीतरी कोसळल्यावर प्रचंड आरोळी उठली आणि कुतूहलाने त्याने डोळे उघडले. रक्त पाहिलं आणि मान वळवायच्या ऐवजी तो पाहतच राहिला, ओरडू लागला, आणि पुढे इतरांना घेऊन तिथे जाऊ लागला. ऑगस्टीन हळहळतो की त्याने कानही झाकले असते तर! आणि दोष कुठे होता तेही सांगतो: तो देवावर विसंबायच्या ऐवजी स्वतःवर विसंबला.

आपल्या हातातल्या फोनमधून दिवसभर अशा आरोळ्या येत असतात. म्हणून ‘मी बघून घेईन’ हे वाक्य मनात आलं की सावध व्हा. ज्या गोष्टीने तुम्हाला तीनदा पाडलं तिच्यासमोर चौथ्यांदा बसून स्वतःची ताकद तपासू नका. ते ॲप काढून टाका. वेबसाइटवर कुलूप लावणारं सॉफ्टवेअर घाला आणि त्याचा पासवर्ड दुसऱ्याकडे द्या. जिथे नेहमी घसरण होते त्या रस्त्याने, त्या वेळेला, त्या माणसाबरोबर एकटं जाऊ नका. दावीदाने बथशेबेशी केलेल्या व्यभिचाराची गोष्ट ‘राजे युद्धाला जातात त्या वेळी’ या शब्दांनी सुरू होते. तो मात्र यरुशलेमेतच राहिला आणि संध्याकाळी गच्चीवर फेऱ्या मारत होता. जिथे असायला हवं होतं तिथे नसणं, ही त्या पापाची सुरुवात आहे. वहीतला दुसरा प्रश्न, आधीच्या तासाभरात काय चाललं होतं, तो यासाठीच.

पाचवी पायरी: झाडून ठेवलेलं घर रिकामं ठेवू नका

येशूने अशुद्ध आत्म्याची गोष्ट सांगितली आहे. तो निघून जातो, परत येऊन पाहतो तर घर रिकामं, झाडलेलं, सुशोभित केलेलं. मग तो आपल्याहून वाईट असे सात आत्मे घेऊन येतो. नुसती बंधनं घालणाऱ्या माणसाचं असंच होतं.

भरायचं कशाने? रानात चाळीस दिवस उपास झाल्यावर येशूची परीक्षा झाली तेव्हा त्याने दिलेली तिन्ही उत्तरं जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातल्या सहाव्या आणि आठव्या अध्यायांतली आहेत. इस्राएल रानात जिथे हरला त्याबद्दलचेच ते अध्याय. भाकरीच्या मोहाला भाकरीबद्दलचं वचन, सत्तेच्या मोहाला उपासनेबद्दलचं वचन. सैतानानेही ९१ वं स्तोत्र म्हणून दाखवलं, म्हणजे वचन तोंडपाठ असणं एवढ्याने भागत नाही. ते कुणाच्या आज्ञेत राहून वापरतो हे महत्त्वाचं. चौथ्या शतकात मिसरच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रियस या भक्ताने माणसाला छळणाऱ्या विचारांचे आठ प्रकार केले (खादाडपणा, जारकर्म, द्रव्यलोभ, खिन्नता, राग, आळसावलेला कंटाळा, फुकाचा मोठेपणा आणि गर्व) आणि प्रत्येकाला तोंड द्यायला शास्त्रातली वचनं गोळा केली. ती चारशेहून अधिक आहेत. तुम्हाला तीन पुरेत.

वहीतल्या प्रत्येक जागेसाठी एक वचन निवडा, हाताने लिहून काढा, आठवडाभरात पाठ करा. निवडताना फक्त मनाई करणारं वचन घेऊ नका. लोभाशी झगडणाऱ्याला ‘लोभ धरू नको’ हे माहीतच असतं. त्याला इब्री १३:५ मधलं ‘मी तुला सोडून जाणार नाही’ हे जास्त धरून ठेवतं, कारण त्याची भीती तिथे आहे.

प्रार्थनेची वेळ ठरलेली असू द्या. दानीएलाच्या सहाव्या अध्यायात प्रार्थनेवर बंदीचा, आणि ती मोडणाऱ्याला सिंहांच्या गुहेत टाकण्याचा हुकूम निघाल्यावर तो घरी गेला, यरुशलेमेकडच्या खिडक्या उघड्या होत्या, आणि दिवसातून तीनदा गुडघे टेकून प्रार्थना केली, ‘पूर्वी करत असे त्याप्रमाणे’. हे शब्द मला पुन्हा पुन्हा थांबवतात. सिंहांच्या गुहेसाठी त्याने वेगळी तयारी केली नाही, रोजचंच चालू ठेवलं. तुमच्याकडे वेळ कमी असेल तर सकाळी एक स्तोत्र, दुपारी जेवणाआधी प्रभूची प्रार्थना, रात्री वही. पंधरा-वीस मिनिटं होतात सगळी मिळून. पण ती रोज व्हावीत.

उपासाबद्दल थोडक्यात: आठवड्यातून एकदा एखादं जेवण, किंवा एक पूर्ण दिवस फोनवरच्या बातम्या आणि रील्स सोडा. ‘नाही’ म्हणता येतं हे शरीराला त्यातून कळतं. ज्यांना आजारपण आहे किंवा जेवणाशी बिघडलेलं नातं आहे त्यांनी अन्नाचा उपास करू नये.

सहावी पायरी: एका माणसाला खरं सांगा

याकोब पाचव्या अध्यायात म्हणतो, एकमेकांजवळ आपली पापं कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा. आपण रविवारी भेटतो, ‘प्रभूच्या कृपेने सगळं ठीक’ म्हणतो आणि घरी जातो. हे मी तक्रारीने सांगत नाही, दुःखाने सांगतो. शेजारच्या बाकावर बसलेला माणूस त्याच गोष्टीशी झगडतोय हे आपल्याला वर्षानुवर्षं कळत नाही.

एकच माणूस शोधा. शक्यतो पुरुषाने पुरुष, स्त्रीने स्त्री. जो स्वतःच्या चुका सांगू शकतो, ऐकलेलं बाहेर नेत नाही आणि ऐकून दचकत नाही, असा. मोठा वक्ता असण्याची गरज नाही. दर आठवड्याला ठरलेल्या वेळी अर्धा तास भेटा किंवा फोन करा आणि तेच प्रश्न विचारा: ठरवलेली वाक्यं पाळली का? कुठे मोडली? माझ्यापासून काही लपवतो आहेस का? शेवटच्या प्रश्नाला उत्तर देताना थोडा वेळ शांतता पसरली तर घाई करू नका. आणि प्रार्थना केल्याशिवाय उठू नका.

दोन गोष्टी इथे स्पष्ट सांगतो. व्यसन जडलं असेल, झोप उडाली असेल, जगू नये असं वाटत असेल, तर डॉक्टरकडे आणि समुपदेशकाकडे जा. त्याने विश्वास कमी होत नाही. आणि घरात किंवा मंडळीत तुमच्यावर कुणी अत्याचार करत असेल, तर तो तुमच्यावर आलेला मोह नाही, तुमच्याविरुद्ध झालेला अपराध आहे. तिथे सहनशीलतेची वचनं स्वतःला लावत बसू नका, मदत मागा.

सातवी पायरी: मंडळीच्या आतले मोह

प्रकटीकरणात लावदिकीयाच्या मंडळीला प्रभू जे बोलतो त्यात मूर्तीचा किंवा जारकर्माचा उल्लेख नाही. ‘मी श्रीमंत आहे, मला काही उणे नाही’ असं ती म्हणत होती, आणि प्रभू दाराबाहेर उभा राहून ठोकत होता. भोवतालची संस्कृती यशाला देव मानत असेल तर तीच वृत्ती भक्तीचे कपडे घालून आत येते: गर्दी म्हणजे आशीर्वाद, पैसा म्हणजे देवाची पसंती, मंचावर दिसणं म्हणजे सेवा. इंटरनेटवर विरोधकाचा अपमान करून ‘सत्यासाठी उभा राहिलो’ असं वाटणं हाही याच जातीचा मोह. सहा महिन्यांतून एकदा वहीत एक वेगळा प्रश्न लिहा: कुणीही पाहणार नसेल तर मी यातलं काय काय करत राहीन?

आणि जगाचा द्वेष करून पवित्र राहता येत नाही. यिर्मयाने बाबेलातल्या बंदिवानांना पत्र लिहिलं (अध्याय २९): घरं बांधा, मळे लावा, लग्नं करा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेलं आहे त्याच्या हितासाठी झटा, त्याच्यासाठी परमेश्वराची प्रार्थना करा. ज्यांनी त्यांचं शहर उद्ध्वस्त करायला सुरुवात केली होती त्यांच्यासाठी! तुमच्या तिसऱ्या रकान्यात ज्यांचं वागणं बसतं अशा दोन माणसांची नावं प्रार्थनेच्या यादीत लिहा आणि महिनाभर त्यांच्या भल्यासाठी मागा, फक्त त्यांच्या बदलासाठी नाही. नकार देताना तुमचा आवाज कसा निघतो त्यात फरक पडेल.

आठवी पायरी: पडलात तर पहिल्या तासात काय करायचं

पडणार आहात. मीही पडतो. त्या वेळचा पहिला तास फार महत्त्वाचा, कारण तेव्हा दोन आवाज येतात. एक म्हणतो, ‘एवढं काही नाही, सगळेच करतात.’ दुसरा म्हणतो, ‘संपलं, आता कोणत्या तोंडाने प्रार्थना करणार, आजचा दिवस गेलाच आहे तर जाऊ दे.’ दोन्ही खोटे आहेत आणि दोन्ही तुम्हाला एकाच ठिकाणी नेतात.

त्या तासात हे करा. जागा सोडा, उठून दुसऱ्या खोलीत किंवा बाहेर जा. पापाचं नाव घेऊन कबूल करा; ‘काही चुकलं असेल तर’ असं म्हणू नका. १ योहान १:९ मोठ्याने वाचा: तो विश्वसनीय आणि न्यायी आहे. तुमच्या त्या एका माणसाला त्याच दिवशी निरोप पाठवा, आठवड्याच्या भेटीची वाट पाहू नका. कुणाचं नुकसान झालं असेल तर भरून द्या. जकातदार जक्कयाने लुबाडलेलं चौपट परत द्यायचं कबूल केलं होतं. माझ्या त्या वाढवलेल्या तासांबद्दल मी साहेबांसमोर जाऊन बोललो तेव्हा पाय थरथरत होते. ते काही क्षण गप्प राहिले आणि मग म्हणाले, पुढचे अहवाल नीट लिहा. त्यानंतर माझ्या अहवालांकडे ते बराच काळ बारकाईने पाहत होते, आणि ते योग्यच होतं.

रात्री वहीत तेच तीन प्रश्न लिहा. पडण्याने नवीन माहिती मिळते. तिसऱ्या पायरीतलं वाक्य कुठे तोकडं पडलं ते कळतं. वाक्य दुरुस्त करा.

पेत्राने येशूला नाकारलं ते कोळशाच्या विस्तवाजवळ शेकत असताना. योहानाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात तो विस्तव आहे, आणि एकविसाव्यात, तिबिर्याच्या समुद्राकाठी, पुनरुत्थित प्रभूने शिष्यांसाठी पेटवलेला विस्तवही कोळशाचाच. मूळ ग्रीकमधला हा शब्द नव्या करारात या दोनच ठिकाणी येतो. पेत्र ओलेत्या अंगाने किनाऱ्यावर आला असेल तेव्हा त्या धुराचा वास त्याला कुठे घेऊन गेला असेल! प्रभूने त्याला आधी न्याहारी दिली. मग तीनदा विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस काय, आणि तिन्ही वेळा काम दिलं: माझी मेंढरं चार, पाळ.

म्हणून पडल्याच्या दुसऱ्या दिवशी मंडळीत जायचं टाळू नका. तुमच्या पापाने तुमच्या जबाबदारीतल्याच कुणाला इजा झाली असेल तर ती जबाबदारी पाळकांशी बोलून बाजूला ठेवा. नसेल, तर आजारी माणसाला भेटायला जायचं ठरलं होतं ते जा, मुलांचा शब्बाथ शाळेचा वर्ग घ्यायचा होता तो घ्या. सकाळचं स्तोत्र काल जिथे राहिलं होतं तिथून पुढे वाचा.